बॉनेटखालचा ब्लोअर

पिंपळे सौदागरच्या बहुतेक मोठ्या सोसायट्यांच्या तळघरात, पार्किंगच्या एका कोपऱ्यात, सांडपाणी प्रक्रियेची खोली असते. दार उघडलं की आधी वास येतो, मग घरघर. ही घरघर ब्लोअरची. बिडाच्या डबीत इंग्रजी आठाच्या आकाराचे दोन लोब एकमेकांना न शिवता फिरत असतात आणि टाकीतल्या जिवाणूंना हवा पुरवत असतात. भिंतीपलीकडे कुणा तरुण इंजिनिअरची गाडी उभी असते. तिला स्वतःच्या हाताने सुपरचार्जर बसवायचा असं त्याच्या मनात असतं आणि तो रात्री जागून त्याचे व्हिडिओ बघत असतो. ज्या यंत्रासाठी तो एवढा झुरतो, तेच यंत्र त्याच्या सोसायटीत दोन महिने तेल न बदलता चालू आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

यंत्र खरोखर तेच. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल गावी फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांची लोकरीची गिरणी होती. त्यांनी १८६० मध्ये या ब्लोअरचं पेटंट घेतलं. पुढे तो भट्ट्यांना हवा देऊ लागला. १८७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये हवेच्या दाबावर चालणारी छोटी भुयारी गाडी झाली, तिलाही रूट्सचाच ब्लोअर होता. इंजिनाला जादा हवा कोंबावी ही कल्पना गोटलीब डाइमलर यांच्या १८८५ च्या पेटंटात आहे, पण प्रवासी गाड्यांत ती नीट उतरली १९२१ मध्ये. त्या वर्षी बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने ‘कॉम्प्रेसर’ गाड्या मांडल्या. पेडल तळापर्यंत दाबलं की क्लच लागायचा आणि ब्लोअर किंचाळत चालू व्हायचा, तोही थोडाच वेळ. हेच नाव ऐंशी वर्षांनी आपल्याकडे आलं. मर्सिडीजची भारतातली जुळणी १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या आवारात सुरू झाली आणि २००९ मध्ये चाकणला गेली. त्या काळात मागे ‘कॉम्प्रेसर’ असा बिल्ला असलेल्या सी-क्लास गाड्या याच भागात जुळवल्या गेल्या.

म्हणजे हा काही परग्रहावरचा विषय नाही. ज्या पट्ट्यात भोसरीच्या गाळ्यात सकाळी ड्रॉइंग दिलं तर संध्याकाळी जॉब हातात येतो, तिथे ‘दुकानदाराला पैसे कशाला द्यायचे, मीच बसवतो’ असं वाटणं स्वाभाविकच आहे. माझं म्हणणं एवढंच, की ज्या कामाला आपण घाबरतो ते काम इथे सोपं आहे, आणि ज्याकडे आपलं लक्षही जात नाही तिथे इंजिन बसतं.

आधी हिशेब करू. १.२ लिटरचं चार स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोट भरून हवा घेतं. ६००० आरपीएमला ही हवा मिनिटाला ३६०० लिटर होते, कागदावर. प्रत्यक्षात मॅनिफोल्ड, व्हॉल्व्ह आणि फिल्टरच्या अडथळ्यांतून ८५ टक्के जाते असं धरलं तर सुमारे ३०६० लिटर. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. इथे हवेचा दाब समुद्रकाठच्या १०१ किलोपास्कलऐवजी ९५ च्या आसपास असतो. कोकणे चौकात उभी असलेली गाडी अलिबागच्या गाडीपेक्षा सहा टक्के कमी हवा घेऊनच सुरुवात करते. ‘घाटाखाली गाडीचा पिकअप जास्त वाटतो’ असं ड्रायव्हर म्हणतात, त्यात तथ्य आहे.

आता ब्लोअरने ०.४ बारचा बूस्ट द्यायचा ठरवला. दाब ०.९५ वरून १.३५ बार झाला, म्हणजे ४२ टक्के वाढ. पण हवा दाबली की तापते. बाहेर ३५ अंश असताना साठ टक्के कार्यक्षमतेचा रूट्स ब्लोअर तीच हवा नव्वद अंशांच्या जवळ नेऊन सोडतो. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे दाब ४२ टक्क्यांनी वाढला तरी सिलिंडरमध्ये जाणारी हवा वजनाने जेमतेम एकवीस टक्के वाढते. मध्ये इंटरकूलर टाकून हवा ५५ अंशांवर आणली तर हीच वाढ तेहतीस टक्क्यांपर्यंत जाते. या एका फरकामुळेच मी म्हणेन, की ज्याच्या बंपरमागे इंटरकूलरला जागा नाही त्याने पुढचा विचारच करू नये. तळेगाव-चाकण चौकातल्या गर्दीत वीस मिनिटं अडकलात की वारा नसलेला इंटरकूलरसुद्धा शेगडी होतो, ते वेगळंच.

त्या तेहतीस टक्क्यांची किंमत पट्टा मोजून घेतो. एवढी हवा दाबायला क्रँककडून पाच-सहा हॉर्सपॉवर खर्च होतात. ८५ च्या इंजिनाचे कागदावर ११३ झाले तरी त्यातून हे वजा करायचे, आणि पुढे सांगतो त्या कारणाने इग्निशन मागे घ्यावं लागलं की आणखी काही. शंभर-एकशेपाच हातात आले तर काम चांगलं झालं म्हणायचं.

आता भोसरी. ब्लोअर इंजिनावर बसतो, चॅसीवर नाही. इंजिन आपल्या माउंटवर डुलतं, आणि ब्लोअर चॅसीला धरला तर प्रत्येक गिअरला पट्टा उडेल. म्हणून ब्लॉकवरचे मोकळे बॉस शोधायचे, पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, मग दहा-बारा मिलिमीटरच्या प्लेटचा ब्रॅकेट लेझरवर कापून घ्यायचा. ब्रॅकेट जाड असणं पुरेसं नसतं, तो दोनपेक्षा जास्त ठिकाणी धरलेला हवा. नाहीतर ओढ आली की वाकतो, ओढ गेली की सरळ होतो, आणि काही हजार किलोमीटरांनी बोल्टच्या भोकापासून चीर जाते. सहा दातांचा पॉली-व्ही पट्टा एका रेषेत आहे का हे डोळ्याने कळत नाही. क्रँकच्या पुलीला सरळ पट्टी लावून ब्लोअरच्या पुलीपर्यंत न्यायची आणि फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत येईपर्यंत शिम घालत बसायचं. मग पुलीला डायल लावून ती लचकत नाही ना हे बघायचं. सकाळी थंड इंजिनावर पट्टा चिरकला तर तो ताणायचा मोह होतो. जास्त ताणलात तर पट्टा गप्प बसतो आणि क्रँकचं पुढचं बेअरिंग व अल्टरनेटरचं बेअरिंग तक्रार करायला लागतात. आयडलर लावून पट्ट्याचा पुलीवरचा वेढा वाढवणं हा बरा उपाय.

पुलीचा व्यास हा या सगळ्यातला सगळ्यात निरागस दिसणारा आकडा. समजा ब्लोअर एका फेरीत अर्धा लिटर हवा ढकलतो. आपल्या इंजिनाला तेहतीस टक्के जादा हवा द्यायची तर मिनिटाला ४०७० लिटर लागतील. लोब एकमेकांना शिवत नाहीत, त्यामुळे फटींतून थोडी हवा मागे जातेच. ती धरून ब्लोअर ९३०० च्या आसपास फिरला पाहिजे. इंजिन ६००० वर, म्हणजे गुणोत्तर १.५५. क्रँकची पुली १३० मिलिमीटरची असेल तर ब्लोअरची ८४ ची हवी. ईएन-८ पोलादाचा गोल तुकडा लेथवर लावून टर्नर ती तासाभरात काढून देईल. त्याला ८४ ऐवजी ७५ सांगितलंत तरी तो तेवढ्याच आनंदाने देईल. फरक नऊ मिलिमीटरचा. ब्लोअर बारा टक्के जोरात फिरतो, बूस्ट ०.४ वरून ०.५५ च्या वर जातो आणि हवा आणखी तापते. लेथला हे कळत नाही. टर्नरला कळायचं कारणही नाही.

इथपर्यंतचं काम मायक्रॉनची सवय असलेल्या या गावाला पाठ आहे. याच्या पुढे भोसरीचा उपयोग संपतो.

साध्या पेट्रोल गाडीच्या मॅनिफोल्डवर नखाएवढ्या तोंडाचा एक सेन्सर असतो, मॅप सेन्सर. आत किती दाब आहे हे तो इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, व्होल्टच्या भाषेत सांगतो, आणि त्यावरून ईसीयू पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. बिनबूस्टच्या इंजिनात आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कधीच जास्त होत नाही, म्हणून कंपनी सेन्सरही तेवढ्याच मापाचा बसवते. सव्वा बारच्या अलीकडेच त्याची नजर संपते. तुम्ही १.३५ बार दिलात तरी तो आपल्या शेवटच्या आकड्यावर चिकटून बसतो. ईसीयूला वाटतं, सगळं नेहमीसारखं आहे. हवा तेहतीस टक्के जास्त जाते, पेट्रोल मात्र जुन्याच हिशेबाने, आणि स्पार्क जुन्याच वेळेला.

मग काय होतं? स्पार्क पडल्यावर ज्योत सिलिंडरभर पसरायला थोडा वेळ लागतो. तोवर कोपऱ्यातला उरलेला मिश्रणाचा भाग दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतो. हे नॉकिंग. जुने मेकॅनिक याला ‘इंजिन टकटक करतंय’ म्हणतात. चढावर चौथ्या गिअरला गाडी रेटली की होणारी ती हलकी टकटक इंजिन वर्षानुवर्षं सहन करतं. बूस्टखालचं नॉकिंग मात्र काही सेकंदांत पिस्टनच्या वरच्या रिंगजवळचा काठ तोडू शकतं. अशा इंजिनाचा प्लग काढून भिंगाखाली धरा. पांढऱ्या चिनी मातीवर काळे ठिपके आणि त्यांच्यात चमकणारे बारीक मणी दिसतील. ते मणी पिस्टनच्या अॅल्युमिनियमचे. ज्याला स्वतः काम करायचंय त्याने पान्यांच्या सेटआधी असं एक भिंग घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

कंपन्यांना हे माहीत असतं म्हणून त्या इंजिन मुळातून बदलतात. २००२ ते २००६ ची मिनी कूपर एस बघा. तिच्या १.६ लिटर इंजिनावर ईटनचा एम-४५ हा रूट्स ब्लोअर होता. बिनब्लोअरच्या मिनी कूपरचा कॉम्प्रेशन रेशो १०.६ होता, या गाडीत तो ८.३ वर आणला. आपल्याकडच्या आजच्या छोट्या पेट्रोल गाड्या उलट्या दिशेने गेल्यात. एव्हरेज हवं म्हणून त्यांचा रेशो साडेदहा ते बारापर्यंत चढलाय. म्हणजे ब्लोअर लावायला सगळ्यात नालायक इंजिन नेमकं आपल्याच पार्किंगमध्ये उभं असतं.

पेट्रोलकडून थोडी मदत मिळते. पंपावरच्या ई-२० चा ऑक्टेन साध्या जुन्या पेट्रोलच्या ९१ पेक्षा वर जातो, आणि इथेनॉल बाष्प होताना हवा थंडही करतं. इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचं एक्सपी-१०० डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या दहा शहरांत आणलं, त्यांत पुणे होतं. पण ई-२० ला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा, ई-२० ला साडेतेरा. वरच्या इंजिनाला बूस्टखाली सुरक्षित राहण्याइतकं जाड मिश्रण द्यायचं तर पूर्ण जोरात चारही इंजेक्टर मिळून मिनिटाला अर्धा लिटर पेट्रोल ओततात. मूळ अवस्थेत हा आकडा पावणेचारशे मिलीच्या आसपास. टाकीतला पंप आणि इंजेक्टर हे देऊ शकतात का, याचं उत्तर ब्रॅकेट कापण्याआधी हवं. सहसा ते ब्रॅकेटनंतर विचारलं जातं.

म्हणून दुकानाला पैसे कशाचे द्यायचे हे नीट ओळखलं पाहिजे. नट-बोल्ट आवळण्याचे द्यायचे नाहीत. ब्रॅकेट, पट्टा, इंटरकूलरचे पाइप, साबणाचं पाणी लावून गळती शोधणं, एक पायरी थंड प्लग बसवून त्यांची गॅप थोडी कमी करणं, क्रँककेसच्या ब्रीदरमधून बूस्ट उलटा तेलात शिरू नये म्हणून झडप बदलणं, हे सगळं धीराने घरी होतं. (सोसायटीचा सेक्रेटरी पार्किंगमध्ये इंजिन उघडू देणार नाही हे गृहीत धरा.) ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारी नळी मात्र कुणीही ‘टी’ टाकायला वापरू नये. मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम तिथूनच ब्रेकला मदत करतो, आणि तिथली एकमार्गी झडप गळू लागली तर गाडी पळेल, थांबणार नाही.

पैसे द्यायचे ते रोलरवर गाडी चालवून ईसीयूचा नकाशा लिहिणाऱ्याला. तो मोठ्या मापाचा मॅप सेन्सर लावतो, सायलेन्सरमध्ये वाइडबँड सेन्सर खोचतो, समोर मोठा पंखा लावतो आणि हलक्या लोडपासून एकेक घर भरत वर जातो. वरच्या बूस्टला मिश्रण लॅम्डा ०.८ ते ०.८५ च्या दरम्यान जाड ठेवतो, स्पार्क मागे घेतो, कानाला हेडफोन लावून नॉकिंग ऐकतो. हे रस्त्यावर करता येत नाही. नाशिक फाट्यापासून मोशीपर्यंत तिसऱ्या गिअरमध्ये सहा हजारांवर सलग दहा सेकंद गाडी धरायला जागा मिळाली तर मला कळवा, मी बघायला येईन. दुकानंही सगळी सारखी नसतात. काही जण मूळ सेन्सरला खोटं सांगणारी डबी खोचून हात झटकतात. काम संपल्यावर मिश्रणाचा आणि इग्निशनचा आलेख हातात देईल तोच माणूस खरा. तो आलेख मागितल्यावर जो वैतागतो, त्याच्याकडून चहा पिऊन परत यावं.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, पण ती छोटी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशा रीतीने गाडी बदलता येत नाही. केरळमधल्या एका खटल्यात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. सीएनजी किट चालतं, कारण ते किट एआरएआयसारख्या संस्थेकडून मंजूर झालेलं असतं आणि आरटीओ त्याची नोंद आरसीवर करतो. ‘इंजिन नंबर तोच, सीसी तेवढेच, मग बदललं काय?’ हा युक्तिवाद चहाच्या टपरीवर चांगला वाटतो. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरपुढे तो टिकत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत तर प्रदूषणाची मंजुरी त्या इंजिनाला त्याच रूपात मिळालेली असते. पीयूसीच्या यंत्राला हे कदाचित कळणार नाही, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला नक्की कळेल.

रोजच्या गाडीत जादा ओढच हवी असेल तर चाकणच्या कारखान्याने ते काम आधीच करून ठेवलंय. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आणली, १.२ लिटर, टर्बो, १०५ पीएस. पुढच्याच वर्षी टाटांचं रेव्होट्रॉन टर्बो पेट्रोल झेस्टमध्ये आलं. दोघांनीही टर्बो निवडला, कारण तो सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गॅसवर फिरतो आणि क्रँकवर बोजा टाकत नाही. घोरपडीच्या रेल्वे शेडमधल्या जुन्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनाचे २६०० हॉर्सपॉवरही टर्बोचेच होते. पट्ट्यावरच्या ब्लोअरचा फायदा एकच, पाय ठेवल्याक्षणी ओढ. फोक्सवॅगनने २००५ च्या गोल्फ जीटीमध्ये खालच्या आरपीएमला ब्लोअर आणि वर टर्बो अशी दोघांची जोडी लावून पाहिली. मग खर्च आणि गुंतागुंत बघून तीही सोडली.

ज्यांना खरोखर स्वतः बसवून शिकायचंय त्यांची जागा निगडी-आकुर्डीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वर्कशॉपमध्ये आहे. फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतल्या गाड्यांना नंबर प्लेट नसते आणि आरसीही नसते. नियम असा की इंजिन ७१० सीसीपर्यंत, आणि पेट्रोलच्या गाडीत सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका गळ्यातून यायला हवी. ब्लोअर लावलात तरी गळा त्याच्या आधीच हवा. या गळ्यात हवा आवाजाच्या वेगाला पोचली की प्रवाह वाढायचा थांबतो. समुद्रसपाटीला सेकंदाला सुमारे ७४ ग्रॅम हवा जाते, त्यापुढे ब्लोअरने कितीही ओढलं तरी एक ग्रॅम जास्त मिळत नाही. गंमत म्हणजे वर हिशेब केलेलं बूस्ट दिलेलं १.२ लिटरचं इंजिनही जवळपास तेवढीच हवा मागतं.

आपल्याकडच्या अनेक टीम केटीएम ३९० चं ३७३ सीसी सिंगल सिलिंडर इंजिन वापरतात. ते बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनतं. ९००० आरपीएमला त्याला सेकंदाला तीस ग्रॅमच्या आसपास हवा लागते, म्हणजे गळ्याची निम्मीसुद्धा क्षमता वापरली जात नाही. ब्लोअरला वाव आहे. पण एकच सिलिंडर असल्यामुळे तो दर दोन फेऱ्यांत एकदाच, धक्क्याने हवा ओढतो. त्या क्षणी गळा तुंबतो आणि उरलेला वेळ रिकामा बसतो. म्हणून ब्लोअरनंतर इंजिनाच्या कितीतरी पट मोठी हवेची पेटी बांधावी लागते. पेटी मोठी केली तर थ्रॉटल उघडल्यावर दाब चढायला उशीर होतो आणि ब्लोअरचा तो एकमेव फायदा तिथेच जातो. शिवाय या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो मुळातच साडेबाराच्या आसपास. तेव्हा अशा टीमला पुली काढायच्या आधी हेड उतरवून जाड गॅस्केट की नवा पिस्टन, हे ठरवावं लागतं, आणि स्पर्धेच्या वर्षातले पहिले महिने तिथेच जातात.